खारींना मी हाकलत नाही हो

...नाही, म्हणजे काठी घेऊन मागे धावले असते तर गोष्ट वेगळी, पण तुम्हाला सांगते, माझ्या हातात साधं फडकंसुद्धा नव्हतं, आणि तरी पलीकडचे मास्तर भिंतीवरून डोकं काढून विचारतात, काय वहिनी, आज पुन्हा पहारा? पहारा कसला मास्तर? पहारेकरी दरडावतो, दंडुका आपटतो. मी खारींना हाकलत नाही हो. मी नुसती उभी राहते. सकाळी कुकर लावला की मागचं दार उघडून डाळिंबाखाली उभी राहते, शिट्टी झाली की आत पळते, गॅस बारीक करते, पुन्हा येऊन उभी राहते... आणि त्या तेवढ्या वेळात, गॅस बारीक करायला लागतो तेवढ्या वेळात, एक डाळिंब गेलेलं असतं!

तुम्ही म्हणाल, बाई, झाड तुमचं, परसू तुमचं, फळं तुमची, मग हाकला की. सगळं जग हाकलतं. इथंच तर मेख आहे. मला हाकलता येत नाही. मी देवाला शब्द देऊन बसले आहे.

त्याचं असं झालं, आमच्या ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं. दवाखान्याच्या बाकावर समोरच्या भिंतीचे पोपडे बघत बसले होते, आत काय चाललंय कुणी सांगेना, आणि घाबरलेलं माणूस मोठं मोठं बोलून जातं ना, तशी मी बोलून गेले की देवा, ह्यांना सुखरूप घरी आण, दारी आलेल्या भुकेल्या जिवाला मी कधी 'जा' म्हणणार नाही. लोक साखर सोडतात, चहा सोडतात, कुणी एक वेळचं जेवण सोडतं. मला मेलीला 'जा' सोडायचं सुचलं. हे आले सुखरूप, देवानं त्याचं काम केलं, पण तेव्हापासून माझी काय अवस्था आहे म्हणून सांगू! गालिचा साफ करायचं यंत्र विकणारा एक जण आला, म्हणाला, ताई, सकाळपासून पोटात काही नाही. झालं. भुकेला जीव. तो जेवला, मग त्यानं यंत्र काढलं, आमच्याकडे गालिचा नाही म्हणून सासूबाईंच्या अंगावरची शाल साफ करायला घेतली, शाल यंत्रात गेली, शालीबरोबर सासूबाई निम्म्या गेल्या, आणि मला 'जा' म्हणता येईना. शेवटी संध्याकाळी हे कामावरून आले आणि 'चला, तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडतो' म्हणून त्याला घेऊन गेले.

आता खार दारी आलेला भुकेला जीव आहे की नाही, तुम्हीच सांगा. आहेच की! चांगली दोन पायांवर उभी राहते, हात जोडल्यासारखे करते आणि बघते माझ्याकडे. म्हणून मी हाकलत नाही. नुसती उभी राहते. फार फार तर खोकते. खोकल्यानं एखादी खार पळाली तर तो तिचा निर्णय. मी देवघरात विचारूनही घेतलं, की देवा, खोकणं हाकलण्यात धरतोस का? तो काही बोलला नाही, तेव्हा मी आपली बेतानं खोकते.

बरं, एवढा जीव त्या डाळिंबावर का, तर ते झाड लावलं आमच्या वन्संनी. ह्यांची धाकटी बहीण, दवाखान्यात नर्स आहे, बोलणंही तसंच, आधी सुई मग कापूस. लहानपणी वडिलांचं बोट धरून तिनं ते रोप लावलं. वडील गेले, आणि नंतर ह्यांच्या डोक्यात आलं की मागच्या बाजूला अवजारांसाठी पत्र्याची खोली बांधावी. हे लिफ्ट दुरुस्त करतात, घरात जिकडेतिकडे साखळ्या, पाने-पकडी, तेलाचे डबे, तेव्हा खोली हवी हेही खरंच. झाड आडवं येत होतं. ह्यांनी न विचारता करवत घातली. निम्मं झाड खाली आलं आणि नेमक्या त्याच वेळी वन्सं फाटकातून आत आल्या. काय बोलणं झालं ते नको सांगायला. जाताना उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "या झाडाला फळ लागलं की कळवा. झाडावर, माझ्या डोळ्यांनी बघेन. तोवर या घरात पाणी पिणार नाही."

आणि हे म्हणाले, नको पिऊस.

बास. तेवढे दोन शब्द. पत्र्याची खोली काही झाली नाही, करवत तशीच गंजली, उरलेलं निम्मं झाड तसंच उभं, आणि ही दोन भावंडं वर्षानुवर्षं बोलली नाहीत. फोन आला तर माझ्यामार्फत. "वहिनी, त्यांना सांगा, आईची औषधं बदललीत." त्यांना म्हणजे तिच्या दादाला! आणि हे शेजारी बसून मला म्हणणार, "तिला सांग, कळलं." मी मधली. माझ्या दोन्ही कानांचं अगदी टेलिफोन एक्स्चेंज झालं. सासूबाईंचं म्हणाल तर रविवार आला की त्यांची खुर्ची फाटकाच्या तोंडाशी असते. रविवारी नर्सबाईंना सुट्टी असते ना.

मग मी नवस बोलले. म्हणजे दुसरा. की देवा, या झाडाला फळ धरू दे, पहिलं पिकलेलं फळ तुझ्यापुढे ठेवीन आणि मग त्याचे दाणे दोन्ही भावंडांच्या हातावर ठेवीन. दोघं एकदा बोलू देत, माझं दुसरं काही मागणं नाही. आणि यंदा धरलं! लालभडक फुलं आली, फुलांच्या पोटी फळं फुगायला लागली, मी फोन केला, म्हटलं, वन्सं, फळ लागलंय. मग म्हणाल्या, "पिकलं की सांगा. रविवारी येते."

आता कळलं, मी का उभी राहते ते?

पहिले काही दिवस मी फार सुखात होते हो. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचं, सगळी डाळिंबं जागच्या जागी, लाल होत चाललेली, मी हात जोडायचे. एके दिवशी म्हटलं, चला, जरा जवळून बघू, कितपत भरलंय. एकाला हात लावला... तर हलकं! कागदाच्या आकाशकंदिलासारखं हलकं. फिरवून बघते तो भिंतीच्या बाजूनं मोठं भोक आणि आत एक दाणा शिल्लक नाही, नुसती पिवळी साल. दुसरं बघितलं, तेही तसंच. तिसरंही. खिडकीकडची बाजू शाबूत ठेवून मागच्या बाजूनं खाल्लेलं. मी आठवडाभर टरफलांना हात जोडत होते!

त्या दिवशी घरात सभा भरली. हे म्हणाले, हा तांत्रिक प्रश्न आहे. ह्यांना सगळंच तांत्रिक वाटतं. खोडाला पत्र्याची गोल झालर लावली, गुळगुळीत, तिला वर तेल, म्हणजे खारीचे पाय घसरावेत. मी म्हटलं, अहो, आयुष्यभर लोकांना वर नेण्याचं काम करता आणि या एवढ्याशा जिवाला वर जाऊ देत नाही? हे म्हणाले, लिफ्टमध्ये लोक डाळिंबं खायला चढत नाहीत. बरं. खार आली, तिनं झालर बघितली, शेपटी उडवली, मास्तरांच्या भिंतीवर गेली, तिथून कपड्यांच्या दोरीवर, दोरीवरून झाडावर. दोरी काढली, तर छपराच्या पन्हाळीवरून उडी. आता पन्हाळ कुणी काढतं का? पन्हाळ काढायला निघाले होते, मीच अडवलं.

मग मास्तरांनी त्यांची मांजर दिली. तगडी, बोक्याएवढी, बघूनच छाती दडपावी. मास्तर म्हणाले, हिला दोन दिवस उपाशी ठेवली आहे, आता बघा मजा. उपाशी! म्हणजे माझ्या दारी भुकेला जीव मास्तरांनी स्वतःच्या हातांनी आणून सोडला. मी तिला दूधभात घातला. तिनं तो खाल्ला, झाडाखालची सावली बघितली आणि झोपली. अजून झोपली आहे. खारी तिच्या पाठीवरून उड्या मारून जातात. मास्तर आता मागतायत, पण ती जाईना, आणि मी तिला 'जा' कशी म्हणू?

मी म्हटलं, आपण आपलं साधनच वापरावं. झाडाखाली उभी राहून मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागले. हे काही हाकलणं नव्हे, आवाज ऐकून बिचकल्या तर बिचकल्या. पहिल्या दिवशी बिचकल्या. दुसऱ्या दिवशी लांबून ऐकत बसल्या. तिसऱ्या दिवसापासून मी 'श्री' म्हटलं की पन्हाळीवरून रांगेनं उतरायच्या. त्यांना वाटलं, जेवणाची घंटा.

आणि घंटाच होती हो ती! कारण त्याच वेळी आमच्या सासूबाई परसाच्या दुसऱ्या टोकाला त्यांना शेंगदाणे घालत होत्या. त्यांचं म्हणणं, पोट भरलेला कधी चोरी करत नाही. शांतपणे सांगतात, "अगं, त्यांना आधीच भरपूर घातलं की डाळिंबाकडे बघणार नाहीत." पाहुण्याला आधी शेंगदाणे दिले म्हणून पाहुणा जेवायचा थांबतो का? उलट त्यांची कीर्ती पसरली. कुठून कुठून खारी यायला लागल्या, लेकुरवाळ्या आल्या, म्हाताऱ्या आल्या, एक तर शेपूट तुटकी, तिला सासूबाई वेगळे सोलून घालायच्या. आणि दान चाललेलं असताना दान थांबवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मी आपली मध्ये. एकीकडे सासूबाई बोलावतायत, एकीकडे हे अडवतायत, आणि मी... नुसती उभी.

होता होता एक राहिलं. एकच. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, हाताला येईल अशा फांदीवर. मास्तर म्हणाले, आता तरी तोडून कपाटात ठेवा. अहो, डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखं नाही ते. आणि वन्संनी काय सांगितलं होतं? झाडावर, माझ्या डोळ्यांनी. तोडलेलं काय, बाजारातही मिळतं.

तेव्हा मी माझ्या दोन स्टीलच्या चाळण्या काढल्या. पीठ चाळायच्या नव्हेत, भाज्या निथळायच्या, खोलगट, जाड. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, मध्ये डाळिंब. ह्यांनी कडांना भोकं पाडून नटबोल्ट लावले, पान्यानं आवळले, लिफ्टच्या तारेनं फांदीला आधार दिला. ते दिसत होतं कसं, तर झाडाला तिजोरी लागल्यासारखं. खारी येऊन आत नाक घालायच्या, चाळणी वाजवायच्या, टण टण टण, आणि प्रत्येक टणला मी हातातलं टाकून खिडकीशी. भोकातून रोज बघायचे, हिरवं, पिवळं, मग एका गालावर लाली. शुक्रवारी बोट घालून टिचकी मारली, भरीव आवाज आला. फोन केला. म्हटलं, वन्सं, या रविवारी.

आणि मग मला भीतीच वाटायला लागली बघा. इतके दिवस खारींची होती, आता वेगळीच. ह्यांनी तिकडं तोंड फिरवलं तर? ती टाकून बोलली तर? सासूबाईंनी शुक्रवारीच खुर्ची फाटकाशी नेऊन ठेवली. शनिवारी दुपारी मी देवळात गेले, म्हटलं, एवढा रविवार सांभाळ. परत आले तर हे ओसरीत बसलेले, हातात पाना, कपाळावर घाम. विचारलं, काय झालं? म्हणाले, कुठं काय, बोल्ट जरा आवळले. मला बरं वाटलं. माणूस मनापासून करतोय, म्हटलं.

रविवारी वन्सं आल्या. केस थोडे पिकलेत, चाल तीच, खटखट. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी हात लावला नाही. म्हणाल्या, आधी झाड. सासूबाईंच्या पायाला हात लावला, ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मागच्या दारानं परसात. मागे मी, माझ्यामागे सासूबाई भिंतीला धरत धरत, सगळ्यांत शेवटी हे, पाना घेऊन. मास्तरांचं डोकं भिंतीवर आलेलंच होतं. पन्हाळीवर खारी ओळीनं बसलेल्या. मांजर उठली नाही.

ह्यांनी पहिला बोल्ट काढला. पाना दोनदा निसटला. दुसरा काढला. मी मनातल्या मनात जप करत होते, मणी कुठला चाललाय तेही कळत नव्हतं. चाळण्या बाजूला झाल्या... आणि डाळिंब होतं! लालबुंद, टपोरं, चकचकीत. मला रडूच आलं. मी हात जोडायला वर केले, तेवढ्यात वन्सं दोन पावलं पुढे गेल्या, फळ निरखून बघितलं, आणि इतक्या वर्षांनी भावाकडे तोंड करून पहिलं वाक्य बोलल्या.

"दादा, डाळिंबाचा मुकुट खाली असतो."

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. डाळिंब देठाला लटकतं, देठ वर, आणि ते जे कातरलेलं मुकुटासारखं असतं ना, ते खाली, जमिनीकडे. आमच्या डाळिंबाचा मुकुट वर होता. त्या मुकुटाला बारीक तार गुंडाळलेली, अशी सुबक, अशी घट्ट, की वरून दहा माणसं लोंबकळली असती तरी सुटली नसती. बाजारातल्या डाळिंबाचा देठ छाटलेला असतो, तार बांधायची कुठे? ह्यांनी बघितलं, धरायला जागा मुकुटाला आहे, तिथं बांधली. लिफ्टचं गणित! उलटं लटकवलं, आणि झाडाखालीच आयुष्य काढून ह्यांच्या लक्षात आलं नाही.

हे म्हणाले, "वळलं असेल. उन्हाकडे."

सासूबाई म्हणाल्या, "ते सूर्यफूल आहे का रे?"

मग कळलं. शनिवारी दुपारी ह्यांनी चाळण्या उघडल्या, पिकलंय ना बघायला. तेवढ्यात फोन आला, कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली होती, आत माणसं रडत होती. हे फोनवरून त्यांना धीर देत, घाबरू नका, दाराला हात लावू नका, सांगत सांगत फाटकापर्यंत गेले. माणसं सुटली. परत येऊन बघतात तर खार मिशा पुसत होती. हे तसेच सायकल काढून बाजारात.

सगळं ऐकून मी खालीच बसले. म्हटलं, संपलं. नवसाचं फळ गेलं, वर खोटं फळ टांगलं, आता ही बाई जी जाईल ती पुन्हा कधी यायची नाही. ह्यांच्या हातात पाना तसाच. मग वन्संनी खांद्यावरची पिशवी उघडली, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, रुमाल सोडला. डाळिंब.

"मला वाटलं, वहिनी खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "इथं येऊन बघते आणि फळच नसतं तर मला परत जावं लागलं असतं. मला परत जायचं नव्हतं, दादा."

ह्यांनी पाना खाली ठेवला. ते डाळिंब हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाले, "अगं, पण मग आणायचं तर थोडं मोठं आणायचंस." आणि वन्सं हसल्या. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, तांदळाच्या डब्यात हात घालून बघा, तिथंही एक आहे, मीही मागवून ठेवलं होतं. म्हणजे बघा, घरात एकटी मी देवावर भरवसा ठेवून उभी, बाकी सगळ्यांनी परस्पर पर्यायी व्यवस्था केलेली!

वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, पाणी द्या."

तांब्या भरून दिला. एका दमात प्यायल्या.

मी ती तिन्ही बाजारातली डाळिंबं देवापुढे ठेवली. खरं सांगून ठेवली हो, देवा, ही आपल्या झाडाची नाहीत, झाडाची तुझ्या दुसऱ्या लेकरांनी खाल्ली, हिशेब पुढच्या वर्षी. दाणे दोघांच्या हातावर ठेवले. सासूबाईंची खुर्ची त्या दिवसापासून आत आली.

हे सगळं फार चांगलं झालं. मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला सांगते, आता रोज सकाळी सहाला फोन वाजतो. दादा, झाडाला पाणी घातलंस का. दादा, जाळी बारीक लावू नकोस, फुलं मोडतील. दादा, तुला काय कळतंय झाडातलं. आणि हे परसात फेऱ्या मारत फोन लांब धरून ओरडतात, मला शिकवू नकोस, मी इथं उभा आहे, तू तिथं आहेस! संध्याकाळी पुन्हा तेच. रविवारी समोरासमोर. काल तर करवतीवरून निघालं, थेट वडिलांच्या काळापर्यंत गेलं, आणि शेवटी तासभर उलटला तेव्हा दोघं म्हणाली, बरं, बाकीचं उद्या बोलू.

मी देवाला एवढंच म्हटलं होतं, दोघांना बोलू दे. किती वेळ, ते सांगायचं राहून गेलं.